पाणथरी नॉर्मल

आमच्याकडे रिपोर्ट शेवटच्या ओळीपासून वाचतात. डॉक्टर शेवटची ओळ वाचतो, पोरगी शेवटची ओळ वाचते, शेजारचे निवृत्त तलाठी चष्मा कपाळावरून नाकावर आणतात आणि तेही शेवटचीच ओळ वाचतात. मग वरचं दीड पान कशासाठी छापतात हे छापणाऱ्यालाच ठाऊक. मी विचारलं तर म्हणतात, कारभारी, तुम्ही फार चिकित्सा करता. माझ्या पोटाची चिकित्सा मी नाही करायची तर कोणी करायची?

मी कारभारी पगारे, निवृत्त हवालदार, राहणार उपनगर, नाशिक. डावा पाय गुडघ्याखाली नाही. आहे तो पुण्याचा, म्हणजे पुण्याला फौजेच्या दवाखान्यात करून दिलेला. ज्या सुरुंगानं पाय नेला, त्याचेच लोखंडी तुकडे डाव्या बरगडीखाली घुसले आणि अजून तिथंच आहेत. सर्जनसाहेब म्हणाले होते, काढायला गेलो तर जास्त नुकसान, राहू दे. वीस वर्षांहून जास्त काळ राहिले. कुरकुर नाही, मागणी नाही. भाडेकरू असावेत तर असे.

दिवाळी झाली आणि डाव्या कुशीत दुखायला लागलं. माजी सैनिकांच्या दवाखान्यातल्या मॅडमनी सिटी स्कॅन लिहून दिला. शहरातल्या एका सेंटरमध्ये जाऊन मी तो काढून आलो. दुसऱ्या दिवशी माझी मुलगी तृप्ती ऑफिसातून येताना रिपोर्ट घेऊन आली. तिनं चप्पल काढायच्या आधी पाकीट फोडलं, सगळ्यात खालची ओळ वाचली आणि दारातच उभी राहिली.

"पप्पा, डाव्या किडनीवर गाठ आहे."

"केवढी?"

"साडेचार सेंटिमीटर. पुढच्या तपासण्या करा म्हणतात. सर्जनला दाखवा म्हणतात."

स्वयंपाकघरात सुवर्णा, माझी बायको, भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला. त्या दिवशी आम्ही तिघांनी करपलेली भाकरी खाल्ली आणि कोणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मात्र सगळेच बोलायला लागले. नामपूरहून भावाचा फोन: "दादा, कुळीथ उकडीसन पे, खडा पडी जाई." अरे, खडा नाही, गाठ आहे! तलाठ्यांनी शेवटची ओळ वाचून त्यांच्या साडूची सगळी हकीकत सांगितली. साडू गेल्याचं शेवटी सांगितलं, तेही चहा पिऊन झाल्यावर. कॉलनीतल्या एकानं मोबाइलवर माझा आजार शोधून मला किती वर्षं उरली ते सांगितलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी त्याला म्हटलं, तुझी किती उरली तेही शोधून ठेव.

दवाखान्यातल्या मॅडम एके काळी फौजेत मेजर होत्या. त्यांच्यासमोर मी बसतच नाही, पाय कितीही दुखला तरी. त्यांनीही शेवटची ओळ वाचली. "हवालदार, किडनी काढावी लागेल बहुतेक. एका किडनीवर माणूस आरामात जगतो. गाठ अजून किडनीच्या बाहेर गेलेली नाही, पण वेळ घालवू नका."

"जी, मॅडम."

बाहेर आलो आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. पोटात दहा प्रश्न होते. कोणती गाठ, कशी आली, लोखंडामुळे आली का, माझ्यानंतर पोरीला होईल का. पण वर्दीतल्या डॉक्टरला आम्ही प्रश्न विचारत नाही. तो आधी अफसर असतो, मग डॉक्टर. माझी जीभ एकच शब्द शिकलेली आहे आणि तो तिनं तिथं टाकला.

मला भीती वाटत होती. उगाच शूरपणाचा आव कशाला आणू? सुरुंगाच्या वेळी घाबरायला वेळ मिळाला नव्हता. इथं वेळच वेळ होता. रात्री कूस बदलली की वाटायचं, ती वाढतेय.

शेवटी मी ठरवलं की हा कागद वरून वाचायचा. ऑर्डर वरून वाचतात. खालची ओळ तेवढी वाचून निघालेली तुकडी भलत्याच टेकडीवर चढते. तृप्तीला समोर बसवलं. ती वैतागली.

"पप्पा, वर काही नाहीये. सगळं नॉर्मल आहे."

"जे नॉर्मल आहे ते तर ऐकू दे. तेवढाच आनंद."

तिनं सुस्कारा सोडला आणि वाचायला लागली. लिव्हर नॉर्मल. पित्ताशय नॉर्मल. स्वादुपिंड नॉर्मल. स्प्लीन आकारानं नॉर्मल. उजवी किडनी...

"स्प्लीन म्हणजे काय?"

"प्लीहा."

"आणि प्लीहा म्हणजे?"

आतून सुवर्णा ओरडली, "अहो, पाणथरी!"

मी म्हटलं, "पाणथरी मला नाहीच."

सुवर्णा हात पुसत बाहेर आली. मी बनियन वर केलं. बरगडीखालून बेंबीपर्यंत शिवण आहे, गोणपाट शिवतात तशी. हातच्या काकणाला आरसा कशाला? "सुरुंगाच्या वेळी फाटली म्हणून काढली. श्रीनगरला. सर्जनसाहेबांनी मला हिंदीत सांगितलं होतं, तिल्ली निकाल दी. आता ती नॉर्मल कशी? परत उगवली? आणि माझं लोखंड कुठंय? पूर्ण कागदात लोखंडाचं नाव नाही. हा रिपोर्ट माझा नाही."

कोणाला वाटेल, घरात आनंदीआनंद झाला असेल. छे! सुवर्णा पदर डोळ्याला लावून म्हणाली, "तुमचं मन मानत नाहीये. माझ्या वडलांचंही असंच झालं होतं." तृप्ती म्हणाली, "पप्पा, वरचा मजकूर छापीलच असतो. सगळ्यांना तोच. टायपिस्ट बदलायला विसरला असेल." मॅडमना फोन केला, तर त्यांच्यासमोर साठ पेशंट बसलेले. म्हणाल्या, "हवालदार, आपला रिपोर्ट आपला नाही असं प्रत्येकालाच वाटतं. सोमवारी फिल्म घेऊन या, बघते."

जो तो समजूत घालत होता. मला समजूत नको होती, मला पाणथरीचा हिशेब हवा होता. सोमवारपर्यंत कोण थांबतो? रात्री तृप्तीकडून तो अख्खा कागद दहादा वाचून घेतला, सकाळी फिल्म काखेत मारली आणि रिक्षानं सेंटर गाठलं.

काउंटरवर रोहिणी नावाची मुलगी होती. गळ्यात नावाचा बिल्ला, कानाला फोन, दुसऱ्या हातानं टायपिंग. मी कागद आपटला. "ह्यात माझी पाणथरी नॉर्मल लिहिलीय."

"मग चांगलंय ना काका."

"मला पाणथरी नाही!"

"काका, आवाज कमी करा. आमच्याकडे अशी चूक होत नाही."

मग आवाज वाढला, माझाच. सरकारी पैशानं येणाऱ्या पेशंटला तुम्ही मेंढरासारखं हाकता. एकाची हाडं दुसऱ्याच्या पाकिटात घालता. उद्या चांगली किडनी कापली असती तर कोणी परत लावली असती? बाकावरची माणसं आपापल्या पाकिटांकडे संशयानं बघायला लागली. तेव्हा कुठं आतून डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, पण गडी समजूतदार. मला आत नेलं, बनियन वर करायला लावलं, शिवण बघितली आणि संगणकावर चित्र काढलं.

"पगारे, तुमचं बरोबर आहे. तुमच्या नावावरची ही फिल्म तुमची नाही." त्यांनी दुसरं चित्र उघडलं. काळ्या-करड्या पोटात चार पांढरे ठिपके चमकत होते. "हे तुम्ही. स्प्लीन नाही, धातूचे तुकडे आहेत. ते जागचे हललेले नाहीत. दोन्ही किडन्या स्वच्छ आहेत."

"मग दुखतं ते?"

"गॅस असेल."

गॅस! आठ दिवस मी मरत होतो तो गॅसनं. मला एवढं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं. गाठ माझी नव्हती. खोटं कशाला बोलू, त्या घडीला ती कोणाची आहे हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही.

हसून झाल्यावर मला पुन्हा राग आला. बाहेर येऊन मी म्हटलं, "आता सांगा, हा हलगर्जीपणा कोणाचा? त्याचं नाव मला लेखी पाहिजे."

रोहिणी संगणकात बघत होती. तिनं हळूच विचारलं, "काका, तुमचं टोकन अठ्ठेचाळीस होतं ना?"

"होतं."

"सत्तेचाळीस रावजी गावित म्हणून एक बाबा होते. मी सत्तेचाळीस पुकारलं आणि तुम्ही उठलात. मला चांगलं आठवतंय. तुम्ही 'हाजिर!' म्हणालात, एवढ्या मोठ्यानं की शेजारचं बाळ दचकून रडायला लागलं."

तिचं खरं होतं.

फौजेत एका नावाची चार माणसं असतात, म्हणून नंबराच्या शेवटच्या दोन आकड्यांनी हाक मारतात. आमच्या कंपनीत तीन पगारे होते. मी पगारे सत्तेचाळीस. पुढं पुढं पगारे गळून पडलं आणि नुसता सत्तेचाळीस राहिला. सुरुंग फुटला त्या दिवशी माझ्या जोडीदारानं मला पाठीवर घेतलं आणि खाली रस्त्यापर्यंत तो एकच हाक मारत होता, "सत्तेचाळीस! ओ सत्तेचाळीस!" झोपू द्यायचं नाही म्हणून. दर हाकेला मी हाजिर म्हणायचो. ओ दिली म्हणून जगलो. त्यानंतर हा आकडा कोणीही, कुठंही पुकारला, रेशनच्या रांगेत, बँकेत, की माझं अंग आधी उभं राहतं आणि डोकं मागून येतं.

बाकीचं रोहिणीनं जुळवून सांगितलं. रावजी बाबांना लघवीचा त्रास, ते सारखे उठून बाहेर जात होते. मी त्यांच्या नंबरावर आत गेलो, माझं उरकून घरी गेलो. अठ्ठेचाळीस पुकारल्यावर कोणीच उठलं नाही. तेवढ्यात बाबा परत आले आणि म्हणाले, माझं राहिलंय. आतल्या माणसानं घाईत त्यांना माझ्या नावावर मशीनमध्ये घातलं. नाव विचारायला पाहिजे होतं, ते त्यानं विचारलं नाही, ही त्यांची चूक. पण सुरुवात माझी. आपण हसतो लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला.

"त्या बाबांना काय सांगितलंत?" मी विचारलं.

"तुमचा रिपोर्ट गेला त्यांच्याकडे. किडन्या नॉर्मल."

तेव्हा कुठं मला उमगलं. आठ दिवस मी ज्या गाठीला घाबरलो ती खरी होती, आणि ज्याची होती तो माणूस निवांत घरी बसला होता. वेळ घालवू नका, असं मॅडम म्हणाल्या होत्या. आठ दिवस मी घालवले होते, आणि तेही दुसऱ्याचे.

त्यांचा फोन लागत नव्हता. डॉक्टर म्हणाले, सोमवारी माणूस पाठवतो. मी म्हटलं, आज. ते म्हणाले, दुसऱ्याचा रिपोर्ट तुमच्या हातात देता येत नाही. मी म्हटलं, नका देऊ, मला तो पाठ आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सेंटरची गाडी काढायला लावली आणि बंद पाकीट घेऊन रोहिणीला सोबत दिलं.

त्र्यंबकेश्वर मागं टाकून गाडी हरसूलच्या रस्त्याला लागली. वाटभर मी धुसफुसत होतो. पुढं गाडीरस्ता संपला. पाड्यापर्यंत चढ आहे असं कोणी सांगितलं नव्हतं, आणि पुण्याच्या पायाला चढ आवडत नाही. रोहिणी म्हणाली, "काका, तुम्ही थांबा, मी जाते." मी म्हटलं, "तू गेलीस तर शेवटची ओळ सांगून येशील."

रावजी अंगणात खाटेवर बसले होते. बारीक, काटक माणूस, माझ्याहून थोडा मोठा. त्यांची बायको झुंबरबाई सुपात नागली पाखडत होती. त्यांचा मुलगा दत्तू सेंटरचा बिल्ला बघताच उसळला.

"आले का? आता चोरलेली पाणथरी द्याया आले का?"

मग कळलं की इथंही आठ दिवस तमाशा चालला होता. रावजींच्या रिपोर्टात लिहिलेलं, पाणथरी दिसत नाही, पोटात लोखंड आहे. तालुक्याच्या डॉक्टरनं ते वाचून दाखवलं. पाड्यानं ठरवून टाकलं की मागं हर्नियाचं ऑपरेशन केलं त्या डॉक्टरनं पाणथरी काढून विकली आणि वर अवजारं आत विसरला. दत्तू चार जण घेऊन त्या डॉक्टरच्या दारात जाऊन आला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी.

"मी ह्यांना घसा फोडून सांगतोय," रावजी वैतागून म्हणाले, "की माझं वरतं कापलंच नाय, तर पाणथरी काढली कुठनं? तोंडातनं? हा कागुदच माझा नाय. तर म्हनत्यात, म्हाताऱ्या, तुला काय कळतंय!"

मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. जगात आणखी एक जण होता ज्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नव्हतं. मी सदरा वर करून शिवण दाखवली. "बाबा, लोखंड माझं. पाणथरी माझी गेलेली. तुमचा नंबर पुकारला आणि उठलो मी. चूक माझी."

झुंबरबाईच्या हातातलं सूप थांबलं. दत्तूनं वाकून शिवण पाहिली. रावजी मात्र मोठ्यानं हसले. "ऐकलं का रे? ऐकलं? लोखंड फौजींचं हाय!" मला ते हसू ओळखीचं होतं. सकाळी मी तेच हसलो होतो. मग हसता हसता त्यांचा आवाज खाली आला.

"मंग माझा कागुद कुठंय?"

रोहिणीनं पाकीट पुढं केलं. इंग्रजी कागद हातात उलटासुलटा करून रावजींनी तो माझ्याकडे दिला. "तुमी वाचा. खालची वळ वाचा."

"बाबा, मी वरून वाचतो."

चष्मा लावला, पण कागदाकडे बघायची गरज नव्हती. आठ दिवस मी हा कागद स्वतःचा म्हणून जगलो होतो. लिव्हर म्हणजे कुठं, ते त्यांच्या अंगावर बोट ठेवून दाखवलं. ते चांगलं आहे. पित्ताशय चांगलं. पाणथरी जागेवर आहे, कोणी चोरलेली नाही. त्यावर झुंबरबाईनं हात जोडले. उजवी किडनी चांगली. मी आणखी हळू झालो. मला आता कळलं, लोक शेवटची ओळ आधी का वाचतात. तिथपर्यंत पोचायला फार चालावं लागतं.

"फौजी," रावजी म्हणाले, "डावी ऱ्हायली."

"डाव्या किडनीवर गाठ आहे. एवढी." मी बोटांनी दाखवली. "वाईट जातीची असू शकते. पण बाहेर पसरलेली नाही, बाजूच्या नळीत शिरलेली नाही, लिव्हरपर्यंत गेलेली नाही. हे तिन्ही कागदात लिहिलंय, मी दहादा वाचून घेतलंय. किडनी काढावी लागेल. एका किडनीवर माणूस जगतो, शेतीपण करतो. आमच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलंय, गाठ माझी समजून मला सांगितलं होतं. फक्त आता वेळ घालवायचा नाही. आठ दिवस माझ्यामुळं गेले, त्याची मला लाज वाटते."

दत्तू खाली बसला. झुंबरबाईनं सूप बाजूला ठेवलं. रावजींनी विचारलं, "तुमाला भ्या वाटलं व्हतं का?"

"लय," मी म्हटलं. "रात्री कूस बदलली की वाटायचं, ती वाढतेय."

"वाढत नाय ना तशी?"

"नाही. ती नुसती भीती वाढते."

त्यांनी मान हलवली. "मंग बरं झालं. पैले आठ दिवस तुमीच भ्याला. माझे तेवढे वाचले." आणि दत्तूला म्हणाले, "जा, त्या डाक्तरची माफी मागून ये."

सोमवारी मी मॅडमसमोर उभा राहिलो नाही. खुर्ची ओढून बसलो आणि रावजींच्या गाठीबद्दल दहाही प्रश्न विचारले. त्यांनी पेन खाली ठेवून उत्तरं दिली आणि म्हणाल्या, "हवालदार, स्वतःच्या वेळी का नाही विचारलंत?" मी म्हटलं, "मॅडम, तेव्हा ती माझी होती."

ऑपरेशन शहरातल्या मोठ्या दवाखान्यात ठरलं. त्या दिवशी सुवर्णानं सगळ्यांचा डबा दिला. दवाखान्याच्या बाकावर एका बाजूला झुंबरबाई आणि दत्तू, दुसऱ्या बाजूला मी, मध्ये हिरव्या झग्यात रावजी. कोणाला काही सुचत नव्हतं, म्हणून मी तिथल्या चहावर, पंख्यावर आणि पार्किंगवर राग काढत होतो. रावजी ऐकून घेत होते.

दार उघडलं आणि परिचारिकेनं नंबर पुकारला. सत्तेचाळीस नव्हताच, सहा होता. रावजींचा. पण माझे दोन्ही हात बाकावर टेकले गेले आणि अंग अर्धं वर उचललं गेलं.

माझ्या पुण्याच्या पायावर हात ठेवून रावजींनी मला खाली दाबलं. त्या पायाला काही कळत नाही, पण मला कळलं.

"बसा फौजी," ते म्हणाले. "ह्या टायमाला मी जातो."

त्यांनी दाराकडे तोंड केलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "हाजिर."